पांढऱ्याला हात

मॉरीन : हात काढ! ट्रॉय, त्या पांढऱ्या बॉलवरचा हात काढ आधी!

ट्रॉय : का? फाउल यांनी केला. काळा मारायचा सोडून माझ्या पिवळ्याला धडकले. आता पांढरा मी उचलणार आणि हवा तिथे ठेवणार.

विल्फ : तिकडे ओहायोत ठेव. हे इंग्लंड आहे, बार्न्स्ली.

मॉरीन : इथल्या पूलमध्ये समोरच्याचा फाउल झाला की तुला दोन डाव मिळतात, पण बॉल आहे तिथूनच खेळायचं. पांढऱ्याला हात लावलास की फाउल तुझा.

विल्फ : म्हणजे दोन डाव माझे. सरका बाजूला, जावईबापू.

ट्रॉय : चूक तुमची आणि बक्षीसही तुम्हालाच? वा! मॉरीन, पब तुमचा आहे, तुम्हीच सांगा, हा न्याय झाला?

मॉरीन : मी बिअर ओतते बाबा, न्याय नाही.

ट्रॉय : मघापासून हेच चाललंय. स्वतः बॉल घ्यायचा नाही, पांढरा नेऊन कुठेतरी आडोशाला लपवायचा. आमच्याकडे याला रडीचा डाव म्हणतात.

विल्फ : आमच्याकडे डोकं म्हणतात. तुमचं आपलं धाडधाड मारायचं. वर आधी बोट दाखवून सांगायचं, या पॉकेटमध्ये घेतो म्हणून. बघणारे टाळ्या वाजवतील ना!

ट्रॉय : सांगून घेतो, कारण फुकटचं घेत नाही. तुमचा तो शेवटचा लाल कुठे मारलात आणि कुठे गेला?

विल्फ : सॉरी म्हणालो होतो मी.

ट्रॉय : म्हणालात. आणि घेतलात!

मॉरीन : अरे, हळू बोला. लोक रविवारचे शांतपणे प्यायला आलेत.

ट्रॉय : पैज लक्षात आहे ना? मी जिंकलो तर तुम्ही आत्ता माझ्याबरोबर घरी जेवायला यायचं. उद्या सकाळी आमचं विमान आहे. तुमच्या हेझलने बीफ भाजलंय, तुमचं ताट मांडलंय.

विल्फ : आणि मी जिंकलो तर तू पुन्हा मला बोलवायला यायचं नाहीस. ते ताट उचलून ठेवा.

ट्रॉय : दगड आहात तुम्ही. पोटची पोर देश सोडून चाललीय.

विल्फ : चाललीय? तू नेतोयस! तिची आई गेल्यावर एकट्याने वाढवली मी तिला. बॉल काय, पोर काय, दिसलं की उचलायचं, एवढंच येतं तुला.

ट्रॉय : मी नाही उचलली. ती आपल्या पायांनी येतेय. आणि रोज रडतेय, बाप फोन घेत नाही म्हणून. काल तुमच्या दारापर्यंत आली होती. आत दिवा होता.

मॉरीन : विल्फ? तू घरात होतास?

विल्फ : खेळू देणार आहात का मला?

ट्रॉय : खेळा. तुमचा काळा तेवढा उरलाय, तोही पॉकेटच्या तोंडावर आहे, दोन डाव हातात आहेत. जिंका एकदाचे.

(फटका. एक बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज. लगेच दुसरा.)

मॉरीन : अगं बाई! काळ्यामागून पांढराही गेला.

ट्रॉय : मग? याचेही दोन डाव यांनाच का?

मॉरीन : नाही रे. काळ्याबरोबर पांढरा पडला की खेळ संपला. तो हरला.

ट्रॉय : आमच्याकडेही हरलाच असता.

मॉरीन : विल्फ, नुसता धक्का दिला असतास तरी पडला असता तो. शेंबडं पोरही एवढ्या जोरात मारणार नाही. इतकी वर्षं बघतेय मी तुझा हात...

विल्फ : ग्लास धू तू.

मॉरीन : मी एवढंच म्हणते...

विल्फ : धू म्हटलं ना!

ट्रॉय : थांबा, कोट धरतो तुमचा.

विल्फ : हात लावू नकोस. माझा मला घालता येतो.

ट्रॉय : बरं. मी पुढे होऊन हेझलला काय सांगू?

विल्फ : सांग, हरला म्हणून आलाय.