कठड्याचं दुसरं टोक

(चेन्नईतलं आवडी. चर्चबाहेरचा बसथांबा, रविवारचं ऊन चढलेलं. शरदचंद्र साळवे, त्याची बायको जयवंती आणि सातवीतली लेक शर्मिष्ठा.)

शर्मिष्ठा: गुडघा दुखत होता, तर चर्चच्या पायऱ्या आत्ता धाडधाड कशा उतरलात, पप्पा?

शरदचंद्र: उतरताना नाही दुखत. टेकताना दुखतो.

शर्मिष्ठा: टेकलात की! वेदीपुढच्या कठड्याशी बराकादादांच्या शेजारी टेकलात. मग उठलात, दुसऱ्या टोकाला गेलात आणि तिथं परत टेकलात.

जयवंती: अगं, प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात.

शर्मिष्ठा: तुम्ही दोघं प्रभुभोजन घ्यायला पुढे जाता. मला अजून मिळत नाही. बाकावर एकटी बसून करू काय? बघते.

शरदचंद्र: त्या टोकाला पंखा आहे.

शर्मिष्ठा: अय्यो पप्पा! तो पंखा नाताळपासून बंद आहे. आधी गुडघा, आता पंखा. मागच्या वेळी काय होतं? सर्दी.

शरदचंद्र: तू पोलिसात आहेस का? बस कुठं राहिली ते बघ.

शर्मिष्ठा: मम्मी, पाळकसाहेब तो सगळ्यांचा एकच प्याला कुठल्या टोकाकडून देत येतात?

जयवंती: खिडकीकडून. का गं?

शर्मिष्ठा: पप्पा खिडकीकडेच गेले. तिथं टेकलं की बराकादादांच्या आधी प्यायला मिळतं. त्यांच्या पलीकडे टेकलं की त्यांच्यानंतर.

जयवंती: ...अहो?

शरदचंद्र: काहीतरीच काय! मी तसला माणूस आहे? आज सकाळी संडे स्कूलमध्ये पोरांना कुणी शिकवलं? खडूंच्या डबीतला तो गुलाबी खडू कुणी काढून घेतला? 'स्किन कलर' नावाचा रंगच नसतो, देवाच्या हातची सगळीच माती त्याच्या आवडीची, हे कुणी सांगितलं?

शर्मिष्ठा: तुम्ही. म्हणून तर विचारतेय. पणजीची ओवीसुद्धा म्हणालात. वर्गात मदतीला आलेल्या बराकादादांनी टेबलावर ठेका धरला, अर्थ विचारला. तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलात. आणि वेदीपाशी उठून पळालात.

शरदचंद्र: हळू बोल, लोक बघतायत. हे बघ, माणूस चांगला असेल, मी कुठं नाही म्हणतो? पण कोण, कुठला... टांझानियाहून येतो, श्रीपेरुंबुदूरकडच्या कॉलेजात शिकतो म्हणे. तिथून बस बदलत आपल्याच चर्चला कशाला? वाटेत चर्च नाहीत?

शर्मिष्ठा: आहेत. पण तिथं सगळं तमिळमध्ये. त्यांना कळत नाही. इथं इंग्रजी प्रार्थना असते म्हणून येतात. आपण कशाला येतो इथं?

जयवंती: तमिळ कळत नाही म्हणून.

शरदचंद्र: आपली गोष्ट वेगळी. मी फॅक्टरीत परमनंट आहे, आपल्याला क्वार्टर आहे.

शर्मिष्ठा: क्वार्टर मिळायच्या आधी घर बघायला गेलो होतो, आठवतं? त्या घरमालकीणबाईंनी 'हिंदीकारन', हिंदीवाले, म्हणून जाळीचं दार उघडलंच नाही. आतूनच बोलल्या. तुम्ही घरी येऊन जेवला नव्हतात.

शरदचंद्र: ते... अगं, मी रोगराईचं म्हणतोय. एका प्याल्याला इतकी तोंडं!

जयवंती: नेसम्मा टीचरला बारा महिने खोकला. गेल्या खेपेला त्यांच्यानंतर प्यालात. तेव्हा नाही आठवली रोगराई?

शरदचंद्र: जयवंती, पोरीसमोर...

जयवंती: पोरीसमोरच. सासूबाई मला सांगायच्या. तुमच्या आजीला गावात पाणी वरून ओतायचे. ओंजळीत. भांड्याला बोट लागलं तर भांडं जाळात. ती येशूकडे का आली, तर कुणी म्हणे दुष्काळात मिशन वाटायचं त्या गव्हासाठी, कुणी म्हणे शाळेसाठी. म्हातारी म्हणायची, 'मिशनच्या देवळात प्याला एकच होता, आन् त्यो माझ्या व्हटाला लागला.' बाकी सगळं मग.

शर्मिष्ठा: हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जयवंती: पप्पा सांगणार होते. तू मोठी झालीस की.

शरदचंद्र: ओवी तिचीच आहे. जात्यावरची.

शर्मिष्ठा: म्हणा ना.

शरदचंद्र: इथं? थांब्यावर?

शर्मिष्ठा: वर्गात म्हणालात की.

शरदचंद्र: ...जोंधळ्याची भाकर गोरी, बाजरीची सावळी,
येशूराजा जेवाया बसं, दोन्ही ओढी जवळी.

जयवंती: वर्गात मोठ्यानं म्हणता. आज आवाज बसला.

शर्मिष्ठा: पप्पा, पुढच्या रविवारी माझं दृढीकरण. पहिल्यांदा प्याला मिळणार. मी बराकादादांच्या शेजारी टेकणार आहे. त्यांच्यानंतर.

शरदचंद्र: तू मम्मीजवळ टेक ना. पहिलीच वेळ, घाबरशील.

शर्मिष्ठा: बघ मम्मी, अजून तेच.

जयवंती: ऐकतेय मी.

शर्मिष्ठा: मी त्यांच्यानंतर, आणि तुम्ही माझ्यानंतर. माझं उष्टं चालतं ना तुम्हाला? माझं अर्धं आइस्क्रीम तुम्हीच संपवता.

शरदचंद्र: तुझं चालतं.

शर्मिष्ठा: मग प्याला माझ्या हातून आला असं समजा.

जयवंती: अहो, तो बघा, तोच येतोय. हात करतोय. उन्हात उभा राहील बिचारा, बाकावर जागा कुठाय?

शरदचंद्र: सरक शर्मे. ...नको, तू बस. मीच सरकतो.

शर्मिष्ठा: आणि रविवारी?

शरदचंद्र: बघू.

शर्मिष्ठा: मी बघणारच आहे. आता शेजारून.