पुलावरचं दुसरं कुलूप

(स्थळ : कालव्यावरच्या पादचारी पुलाचा मध्य. तिथे गजांचे लोखंडी फाटक. त्याला दोन्ही बाजूंनी साखळ्या आणि कुलपे. वेळ : साथीचे निर्बंध उठल्याचे जाहीर झाले त्यानंतरचा पहिला रविवार, सकाळ. अलीकडे अलीकडच्या वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त वकील, ज्यांना सगळे दादा म्हणतात. आणि त्यांच्यासोबत समितीचे सेक्रेटरी. पलीकडे पलीकडच्या वसाहतीच्या समितीच्या अध्यक्षा, निवृत्त मुख्याध्यापिका आणि वकिलांची धाकटी बहीण, छबू. अलीकडची साखळी निघालेली आहे. पलीकडची नाही.)

सेक्रेटरी : तेच म्हणतो मी, बाई. आमचं कुलूप आम्ही काढलं. फीत कापली, फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. आणि पुढं सरकतो तर तुमच्या बाजूनं हे दुसरं कुलूप, कालपर्यंत नसलेलं. सगळ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली.

छबू : पाहिली मी. आमच्या खिडकीतून पूल सगळा दिसतो. फीत कापणाऱ्याचं तोंड सगळ्यांत पाहण्यासारखं होतं.

दादा : चेष्टा पुरे, छबू. मी इथे भाऊ म्हणून आलेलो नाही, समितीचा अध्यक्ष म्हणून आलोय. तूही तुमच्या समितीची अध्यक्ष आहेस. वसाहतींनी आपापसांतली फाटकं विचारविनिमय करून उघडावीत, असा आदेश आहे. आमचा विचार झाला. तुमचा कधी होणार, एवढंच विचारायचंय.

छबू : आमचाही झाला. उघडायचं नाही.

सेक्रेटरी : सगळ्यांचं एकमत?

छबू : एकमत कसलं? निम्मे भितात, निम्मे चिडलेत.

सेक्रेटरी : मग शहाणं कोण उरलं, बाई?

छबू : किल्ली माझ्याकडे आहे, त्यावरून ओळख.

सेक्रेटरी : अहो, मी तुमच्याच शाळेचा विद्यार्थी. जरा सांभाळून घ्या.

छबू : आठवतोस की. शेजाऱ्याच्या वहीतून गणित उतरवायचास. त्याच्या चुकीसकट.

दादा : भीतीचं मी समजू शकतो. पण भीतीलाही काही आधार लागतो. रुग्णालयातला साथीचा कक्ष बंद झाला. शाळा उघडल्या. आज घाबरायचं कारण काय, ते तुमच्या निम्म्यांनी सांगावं.

छबू : भीती अशी फितीबरोबर कापली जात नाही, दादा. कालपर्यंत ती तुम्हीच शिकवत होतात. आमच्याकडे कुणी खोकलं तर तुमच्या गच्चीवरून दुर्बिणीतून बघायचे. कालव्याच्या काठानं आमची पोरं चालली तर तुमच्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या. आता वर कुठंतरी एका कागदावर सही झाली, आणि आम्ही लगेच गळ्यात पडायचं?

सेक्रेटरी : गळ्यात नका पडू हो. पण आमची अडचण बघा. इस्त्रीवाला तुमच्याकडे, शिंपी तुमच्याकडे, नळ दुरुस्त करणारा तुमच्याकडे. डॉक्टरीणबाईंचा मोरीतला नळ इतके महिने गळतोय. त्यांनी त्याला सुतळी गुंडाळून ठेवलीय. एवढी शिकलेली बाई, पण सुतळी!

छबू : म्हणजे माणसं नकोत, हात हवेत.

दादा : हे वाक्य टाळ्या घेणारं झालं, युक्तिवाद नव्हे. त्या माणसांनाही काम हवंच आहे. तू अडवतेस ते आम्हाला नाही, त्यांना.

छबू : खरं आहे. रोज दारात येऊन विचारतात, बाई, कधी उघडणार? नळवाल्याचा थोरला तर उंबऱ्यावर बसूनच राहतो. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

सेक्रेटरी : तसं आमच्याकडंही काहींना उघडायला नकोच आहे. म्हणतात, काय शांतता झाली! फेरीवाले नाहीत, पोरांचा गलका नाही, फिरायला जाताना कुणाचा धक्का नाही.

छबू : मग त्यांची धुणीभांडी?

सेक्रेटरी : त्या बायकांनी यावं. फक्त येता-जाता दिसू नये, असं त्यांचं म्हणणं.

दादा : त्या म्हणण्याला मी सभेत उत्तर दिलंय. तो मुद्दा संपला.

छबू : तुझ्याकडे मुद्दे संपतात. माणसं तशीच राहतात. आणि आम्हीही काही सज्जनपणाचे पुतळे नाही. आमच्या गल्लीत एक नर्स भाड्यानं राहायची. तिचं सामान आम्हीच बाहेर काढायला लावलं. मी दारात उभी होते, मध्ये पडले नाही. आता तीच माणसं तिला रस्त्यात गाठतात आणि म्हणतात, खोली रिकामी आहे, या की परत. ती त्यांच्याकडे मान वळवूनही बघत नाही. बरं करते.

दादा : मग आता स्पष्ट विचारतो. तुझा विरोध तत्त्वाचा आहे की रागाचा?

छबू : रागाचा. तत्त्व आपल्या घरात पहिल्यापासून तुझ्याकडे आहे.

दादा : तर मग राग समोर मांड. उत्तर देण्यासारखं असेल तर देईन.

छबू : तुला पाठ आहे. त्या दुपारी मी तुला फोन केला होता.

दादा : केला होतास.

छबू : मी काय म्हणाले होते?

दादा : मेहुण्यांचं तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही, पूल उघड.

छबू : रुग्णालय कुठं आहे?

दादा : आमच्या बाजूला. पुलावरून उतरलं की समोर.

छबू : खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेलं असतं. चुलीवरचं पाणी उकळायच्या आत पोचलो असतो. तू काय म्हणालास?

दादा : म्हणालो, फाटक उघडणं एकट्या माझ्या अधिकारात नाही. कुणासाठीही उघडायचं नाही, असा समितीचा ठराव आहे. अध्यक्षानंच तो बहिणीसाठी मोडला, तर उद्या वसाहतीत प्रत्येकाला बहीण असेल. रुग्णवाहिका बोलव, हमरस्त्यानं आण, तोवर मी रुग्णालयात सांगून ठेवतो. आणि मी सांगून ठेवलं होतं, छबू. मी दारात उभा होतो.

छबू : होतास. तोंडाला दोन-दोन फडकी बांधून, भिंतीला चिकटून. हमरस्त्यावर आम्हाला नाक्यावर अडवलं. पास नाही म्हणाले. पास आला तर त्यावर नाव चुकलेलं. गाडीत हे माझा पदर धरून होते, डाव्या हातानं. उजव्या हातात काही उरलंच नव्हतं. पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. जणू आम्ही वाटेत कुठं रमलो होतो.

दादा : ते मी विसरलेलो नाही. पण त्या वेळेचा विचार कर. साथ काय आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे घरटी कुणी ना कुणी आजारी होतं. आमच्याकडे अर्धी वसाहत म्हाताऱ्यांची. आणि नियम ज्यानं राखायचा, त्यानं तो आधी आपल्या माणसाला लावायचा असतो. नाहीतर तो नियम राहत नाही, दुसऱ्यांना घातलेला धाक होतो. हे मी तेव्हा मानत होतो, आजही मानतो. परिणाम भयंकर झाला. पण केलं ते चूक होतं, असं केवळ तुझं समाधान व्हावं म्हणून मी म्हणणार नाही.

छबू : म्हणणार नाहीस, हे ठाऊक होतं. काखेत काय आहे?

दादा : वर्तमानपत्रं.

सेक्रेटरी : साहेबांनी जपून ठेवलीत, बाई. कुणाला हात लावू देत नाहीत. पूर्वी रोज संध्याकाळी साहेब आणि तुमचे यजमान इथंच पुलावर पेपर बदलायचे ना? ह्यांचा त्यांना, त्यांचा ह्यांना. आणि अग्रलेखावरून अशी जुंपायची, की कालव्यात कोण कुणाला ढकलतो अशी आम्हाला भीती वाटायची.

दादा : फाटक लागल्यापासूनचे आहेत. सगळे नाहीत, निवडक. समासात मी टिपणं केलीत. त्यातली काही मुद्दाम चुकीची केलीत. त्यांना खोडून काढायला बरं वाटेल. गठ्ठा गजांतून येत नाही, म्हणून म्हणतो—

छबू : हे वाचत नाहीत, दादा.

दादा : चष्म्याचं म्हणत असशील तर—

छबू : अक्षर ओळखत नाहीत. वाचा गेली, तिच्याबरोबर तेही गेलं. हातात पेपर दिला की उलटा धरतात. पानं मात्र उलटतात, अगदी पूर्वीसारखी. मध्येच नाराज झाल्यासारखी मान हलवतात. अग्रलेखाच्या पानावर.

दादा : हे मला कुणी सांगितलं नाही.

छबू : तू विचारलंस कुणाला?

सेक्रेटरी : बाई, झालं ते फार वाईट झालं. पण किती दिवस धरून बसायचं? आणि खरं सांगू का, आम्ही काही तुम्ही समजता एवढे कडक नव्हतो. कडक आपलं कागदावर. दूध तर रोज तुमच्याकडूनच यायचं.

दादा : कुठून?

सेक्रेटरी : इथूनच की.

दादा : फाटकाला कुलूप होतं.

सेक्रेटरी : होतं ना. उघडायचं आणि लगेच लावायचं.

दादा : किल्ली माझ्या खिशात होती.

सेक्रेटरी : कुलपाबरोबर दोन किल्ल्या येतात, साहेब.

दादा : समितीतल्या कुणाकुणाला हे ठाऊक होतं?

सेक्रेटरी : आता... म्हणजे, तुम्ही सोडून. तुम्हाला कशाला त्रास? तुमचा स्वभाव पडला तत्त्वाचा. बिनदुधाचा चहा घेत बसला असतात, आणि आम्हा सगळ्यांना घ्यायला लावला असतात.

दादा : दूध. आणि आणखी काय?

सेक्रेटरी : कधीमधी भाजी. एकदा गॅसची टाकी. बाकी किरकोळ.

छबू : किरकोळही सांग. शाळेतसुद्धा अर्धंच उत्तर लिहून वही मिटायचास.

सेक्रेटरी : केस कापणारा यायचा. माझ्या गच्चीवर. एकेकाला हळूच बोलवायचो. उघड्या हवेत, हं.

दादा : माझ्याकडे आला होता, तो?

सेक्रेटरी : तोच. तुम्हाला गच्चीचे जिने चढवत नाहीत, म्हणून तुमच्या ओसरीवर पाठवला.

छबू : आमच्या समोरच राहतो तो. कात्र्यांची पिशवी सदऱ्याच्या आत घालून पूल ओलांडायचा. तुझ्याकडून आला तेव्हा मला म्हणाला, बाई, दादा थकलेत, मानेवरचे सगळे पांढरे झालेत. मला बरं वाटलं. तुझी खुशाली कळली. पुढच्याच आठवड्यात हे पडले.

दादा : म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं.

छबू : खिडकीतून रोज दिसत होतं. दुधाचे कॅन जायचे, रिकामे परत यायचे. आणि तू फोनवर म्हणालास, कुणासाठीही नाही. मला वाटलं, दूध जातं, भाजी जाते, कात्री जाते, आणि माझा भाऊ सगळं जाणून मला नाही म्हणतोय. आजपर्यंत मी तेच धरून बसले होते.

दादा : मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो.

छबू : शपथ नको. लबाडी करताना तुझे कान लाल होतात. आत्ता पांढरेफटक पडलेत.

सेक्रेटरी : झालं तर मग! गैरसमज होता, मिटला. काढा कुलूप, बाई. मी वर जाऊन लोकांना बोलावतो. फीत अजून थोडी शिल्लक आहे.

छबू : तू जरा गप्प बस रे. दादा, चार प्रश्न विचारते. तू साक्षीदाराला विचारायचास तसे. हो किंवा नाही.

दादा : विचार.

छबू : तुमच्या वसाहतीत केस कापणारा राहतो?

दादा : नाही.

छबू : पूर्वी कधी राहत होता?

दादा : नाही.

छबू : हा पूल सोडला तर तेव्हा तुमच्याकडे पासाशिवाय यायला दुसरी वाट होती?

दादा : नाही.

छबू : तो ओसरीवर खुर्ची मांडून उभा राहिला, तेव्हा त्याला विचारलंस, कुठून आलास?

दादा : छबू, त्या वेळी—

छबू : हो किंवा नाही.

दादा : नाही. केस फार वाढले होते. कॉलरवर यायला लागले होते. मला ते लहानपणापासून सहन होत नाही, तुला ठाऊक आहे. त्यानं फडकं बांधलं. मी मान पुढे केली.

छबू : मान पुढे केलीस.

सेक्रेटरी : अहो, केस कापणं आणि—

दादा : गप्प बस. म्हणजे तो ठराव तुझ्या फोनच्या आधीच मोडलेला होता. आणि मोडणाऱ्यांत मी होतो.

छबू : आमच्यापुरता पाळलास. एकदा. तुमच्या सगळ्या वसाहतीत तो तेवढा एकदाच पाळला गेला.

सेक्रेटरी : साहेब, ऊन चढायला लागलं. आज राहू दे. पुढच्या रविवारी पुन्हा येऊ.

दादा : तुला जायचं तर जा. छबू, माझं म्हणणं संपलं. आता तू निकाल दे. मी त्यावर अपील करणार नाही.

छबू : नळवाल्याच्या पोरानं माझं काही केलेलं नाही. माझ्या रागापायी तो उंबऱ्यावर बसून राहायला नको. कुलूप मी काढते, आत्ताच. पूल सगळ्यांना मोकळा. ह्या दूधवाल्या सेक्रेटरीलासुद्धा.

सेक्रेटरी : वा! बाई, मी म्हणतच होतो, आमच्या बाई म्हणजे—

छबू : दादानं मात्र पुलावरून यायचं नाही. आमच्याकडे यायचं तर हमरस्त्यानं यायचं.

सेक्रेटरी : अहो, केवढा वळसा तो! साहेबांचे गुडघे हे असे. आणि इथून तुमचं अंगण दिसतंय, हाक मारली तर ऐकू जाईल!

दादा : हमरस्त्यानं. मान्य आहे. गठ्ठा आणू का?

छबू : आण. पानं उलटायला लागतात त्यांना.

दादा : आणि हे बंधन कधीपर्यंत?

छबू : हे आहेत तोवर.