अंगड्यावरचं मेंढरू

सूस या अरब शहरात पावाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. मोठ्या, कुर्बानीच्या ईदसाठी तान्ह्या बाळांची अंगडी-टोपडी शिवून विकणाऱ्या.

"ताई, अंगड्यावरचं चित्र आजच छापायला द्यायचंय. या ईदला माल खपला नाही तर दुकान बंद."

"वसीला, हे मेंढरू का हसतंय गं?"

"सण आहे म्हणून."

"त्या सकाळी बाप सुरीला धार लावणार, आणि पोराच्या छातीवर हे हसणार?"

"मग रडकं काढू?"

"गेल्या ईदला तुझ्या पोराने, इयादने मेंढराचं नाव ठेवलं होतं."

"अजून मटणाला शिवत नाही मेला."

"बघ."

"पाठमोरं काढते."

"पळतंय असं काढ."

"कुठे पळतंय म्हणून गिऱ्हाइकाने विचारलं तर?"

"शेजाऱ्यांकडे म्हणावं. दे छापायला."