किनाऱ्यावर न चालणारं आडनाव

नाही, नाही — पुन्हा नका म्हणू! एकदा म्हणालात तेवढं पुष्कळ झालं. आधी हात लावा इथे, या कडीला — दोर बांधायची कडी हो, तुमच्या गुडघ्याशीच आहे — लोखंडाला हात लावा, मग बोलू. हसताय काय? लावा म्हणते ना. हां. मीही लावते परत. आता बसा. पण ते तुमचं आडनाव नको, पाया पडते तुमच्या, आज तर नकोच नको. अजून कोणाला सांगितलंत गावात? पोस्टात विचारलंत? अगं बाई — बरं, पोस्टातली बाई ठार बहिरी आहे, देवच पावला म्हणायचं. दुकानात? नाही ना? नक्की नाही? पोस्टातून सरळ खाली धक्क्यावर आलात, आणि पहिली मीच भेटले. माझंच नशीब! — अहो, रागावले नाही, माझा जीव थाऱ्यावर नाही. माझा विली बाहेर आहे. माझा मुलगा. काल शुक्रवार, शुक्रवारी सगळ्या बोटी घरी येतात, रविवारी कोणी जाळं टाकत नाही आमच्यात — सगळ्या आल्या, ह्याचीच नाही आली. ‘ब्राइट विंग’. समोर बघा, काय दिसतंय? काही नाही. कालपासून हे असं धुकं, धक्क्याचं टोकसुद्धा दिसेना. हा रेडिओ उगाच नाही घेऊन बसले मांडीवर. सकाळी ह्याच्यावर आवाज ऐकला त्याचा — इंजिनाचं काहीतरी म्हणत होता — आणि मग खरखर. तेव्हापासून नुसती खरखर. आणि त्यात तुम्ही येता आणि ते नाव घेता, मोठ्यानं, समुद्राकडे तोंड करून!

वेडी म्हातारी वाटते ना मी? वाटू दे. तुमच्या कॅनडात नसेल असलं काही. इथे आम्ही बोटीवर पाद्रीबुवाला पाद्री म्हणत नाही, काळा डगला म्हणतो. डुक्कर म्हणत नाही. सामन मासा म्हणत नाही, तो आपला लाल मासा. चुकून कोणी बोललंच तर लोखंडाला हात लावायचा आणि म्हणायचं, थंड लोखंड. झालं, सुटलं. पण तुमचं ते — त्याला नुसत्या लोखंडानं भागत नाही. त्या नावाचा माणूस सकाळी धक्क्यावर दिसला की बोटी मागे फिरायच्या. खरंच सांगते. भांडण नाही, शिवी नाही, कोणी वाकडा शब्द बोलायचं नाही त्याला. टोपी काढायचे, दोर परत बांधायचे आणि गपचूप घरी जायचे. त्या दिवसाची मासळी गेली. — आमचं आडनाव? स्लेटर. अर्धं गाव स्लेटर आहे, म्हणून तर प्रत्येक घराला वेगळी हाक. कोणी टोपीवाले, कोणी मुके. आमचा नवरा फेंगडा चालायचा म्हणून बदक, आणि मी बदकीण. गेला बिचारा. नाही, बुडून नाही, अंथरुणात गेला, चहा पिता पिता. इथे त्याला भाग्य म्हणतात.

काय आहे ते? नकाशा? दाखवा — अहो असा उभा धरू नका, लोक बघतील, मांडीवर पसरा. हे ठिपके म्हणजे तुमच्या नावाची माणसं? टेलिफोनच्या पुस्तकांतून एकेक शोधून काढलीत? हौसच म्हणायची. मोजकेच आहेत की. हा पुंजका कुठला — हां, डोंगरापलीकडचा, व्हिस्कीच्या भट्ट्यांकडचा. तिकडे आहेत, ठाऊक आहे मला. आणि हे इंग्लंडातले — मधोमध, कॉव्हेंट्री का काय ते. आणि तुमच्याकडचे सगळे त्या सस्कॅचवानात. तिथून समुद्र किती लांब? बघा! हेच कोडं पडलंय ना तुम्हाला? मूळ गाव पोर्टगॅरन, म्हणजे हे आमचंच, म्हणून सगळीकडे लिहिलंय, समुद्रकाठचं गाव, आणि किनाऱ्यावर कुठेही एक ठिपका नाही. सगळ्या बेटाच्या काठावर नाही. जिथून कुठल्याही बाजूला समुद्र लांब, तिथेच नेमके जाऊन बसलेत. ह्यात कोडं कसलं? हाकललेत त्यांना. हाकलले म्हणजे काठी घेऊन नाही हो — मघाशी सांगितलं तसं, टोपी काढून.

का म्हणजे? ऐका, पण हात कडीवर राहू द्या. फार जुनी गोष्ट, माझ्या आजीच्याही आजीच्या आधीची. वादळात गावच्या होड्या गेल्या, सगळ्या गेल्या, एकही बाप्या घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी एकटा तो आला, तुमच्या त्या नावाचा. पालथ्या होडीच्या पाठीवर बसून, धडधाकट, टोपीसुद्धा डोक्यावर. टोपी कोरडी होती म्हणतात — कोरडी कशी असेल, पण म्हणतात. बायका धक्क्यावर उभ्या होत्या. ह्याच धक्क्यावर. कोणी त्याला पाणी दिलं नाही. तू कसा आलास, एवढंच विचारलं एकीनं. आणि मग त्याचा मुलगा, कितीतरी वर्षांनी — तसंच झालं. बरोबरचे सगळे गेले, हा एकटा आला. एकदा झालं तर देवाची मर्जी, दोनदा झाल्यावर कोण ऐकतंय? तेव्हापासून लोक म्हणतात, त्या नावाच्या माणसाला समुद्र घेत नाही, त्याच्या बदल्यात बरोबरच्यांना घेतो. मग बोटीवर कोण घेणार त्यांना? शेतावर गेले, भट्ट्यांवर गेले, खाणीत गेले. बायकांचं ठीक असतं. बायका लग्न करतात, नाव पुसलं जातं. तुमच्या नकाशात बायकांचे ठिपके कुठे आहेत? नाहीतच. बायका किनाऱ्यावर राहिल्या असतील कितीतरी, तुम्हाला सापडायच्या नाहीत.

इझोबेल? कोण इझोबेल? — नाही बाई, तशी कोणी नाही इथे. तुमच्या वडिलांची बहीण? असेल, गेली असेल. म्हाताऱ्या काय, जातात. तुमचे वडील कसे आहेत — गेले? कधी? ह्या थंडीत? अरे देवा. — नाही, मला काय, मी ओळखत नव्हते त्यांना. कोणी गेलं म्हटलं की वाटतंच ना माणसाला. एवढंच. झोपेत गेले? त्रास नाही झाला ना? — बरं झालं. बरं झालं हो. — काय होतंय, उकडतंय का तुम्हाला? ह्या गारठ्यात कोट काय उघडताय — थांबा. हा स्वेटर. हा कुठे मिळाला तुम्हाला? वडिलांचा? ही आमची वीण आहे. मधे नांगर, दोन्हीकडून दोर, ही फक्त पोर्टगॅरनची. प्रत्येक गावाची वेगळी असते, बुडालेला माणूस कुठल्या गावचा ते विणीवरून कळतं. इकडे करा बाही. डावी. ही बघा, मनगटाजवळची ओळ उलटी पडलीय, दिव्यातलं तेल संपलं होतं, अंधारातच संपवली, सकाळी त्याची बस होती म्हणून —

कोणीतरी. कोणीतरी विणली असेल, एवढंच म्हणते मी. आम्ही सगळ्याच विणतो. — असं बघू नकोस माझ्याकडे. नको ना बघू. डोळेसुद्धा त्याचेच घेऊन आलायस मेल्या. जपून ठेवला त्यानं? एवढी वर्षं? अंगात घातला होता शेवटी? — थांब, मला डोळे पुसू दे. मी विणायला घेतला होता तो त्याला बोटीवर घेतील म्हणून. वेडा होता हेक्टर. समुद्राचं वेड. डोंगरापलीकडून पहाटे चालत यायचा आणि इथे, ही कडी आहे ना, इथे उभा राहायचा, कोणी घेता का म्हणून. आणि एकेक बोट परत बांधली जायची. मी तिथे त्या पायऱ्यांवर टोपली घेऊन उभी, मला ओळखसुद्धा दाखवता येत नव्हती. माझं नाव वेगळं होतं ना, मावशीचं. आई-बाप गेले तेव्हा मी पाळण्यात होते. मावशी इंग्लंडात यार्मथला हेरिंग मासे साफ करायला गेली होती, तिथून परत येताना डोंगरापलीकडून मला उचलून आणलं, हेक्टर तिकडेच राहिला. गाव म्हणालं, हिचंच पोर, लग्नाशिवायचं. मावशीनं सोसलं बाई. जन्मभर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली, पण मी कोणाची ते तोंडातून काढलं नाही. त्या नावापेक्षा हा कलंक बरा, म्हणायची. मासळीला धूर देण्याच्या खोल्यांमागे भेटायचो आम्ही बहीणभाऊ, चोरासारखे. एक दिवस म्हणाला, इझी, मी अशा ठिकाणी जातो जिथे समुद्राचा वाससुद्धा यायचा नाही. आणि गेला. पत्र पाठवू नकोस, असं मीच सांगितलं होतं त्याला. पोस्टात नाव वाचतील म्हणून.

आता कळलं का मी का भिते? विली बुडेल म्हणून — ते तर आहेच, आई आहे मी. पण ते नाही रे. मला भीती वाटते तो एकटा परत येईल ह्याची. समजतंय का तुला? रक्त माझंच ना त्याच्यात. नाव स्लेटर लावलं म्हणून रक्त काय बदलतं? त्याच्याबरोबर जेसीची दोन्ही मुलं आहेत. जेसी म्हणजे माझी शेजारीण, भिंतीला भिंत, माझ्या बाळंतपणात रात्रभर माझा हात धरून बसली होती ती. तिची दोन्ही, आणि टोपीवाल्यांचा जावई, आणि तो नवा पोरगा. ती गेली आणि माझा विली पालथ्या बोटीवर बसून आला, तर मी जेसीला तोंड कसं दाखवू? तिला ठाऊक नाही काही. मला ठाऊक आहे. मी आज सकाळपासून देवाला काय मागतेय माहितीये? मागू नये आईनं. तो जर एकटाच यायचा असेल तर — नको. बोलवत नाही. तू विसर मी बोलले ते. असलं काही नसतं, म्हण ना. तू शिकलेला आहेस, नकाशे करतोस, म्हण की आत्या, हे सगळं थोतांड आहे. — म्हणालास. बरं वाटलं. कडीवरचा हात काढू नकोस पण.

गप्प! ऐक. — नाही, रेडिओ नाही. बाहेर. इंजिनच आहे. धाड-धाड करतंय, एक ठोका चुकतोय — ती आपलीच! मी ओळखते तिचा आवाज! बघ ना उभा राहून, तुझे डोळे तरुण आहेत. दिसते का? टोकाशी? पालथी नाही ना, सरळ आहे ना — अरे, बोटीचं काय विचारतेय मी, आवाज येतोय म्हणजे सरळच असणार. माणसं सांग. डेकवर किती? एक? एकच? नीट बघ रे, देवाची शपथ आहे तुला, नीट बघ! धुकं हलू दे जरा. — दोन. दोघं पुढे, दोर घेऊन. लाल टोपी आहे का एकाच्या डोक्यावर? ते जेसीचं धाकटं! आणि त्याच्यामागे? थोरला, उंच, हो तोच, तोच. आणि जाळ्यापाशी बसलेला जावई. आणि तो पोरगा. म्हणजे चार. आणि सुकाणूच्या चाकावर? केबिनमध्ये बघ. हात केला? कोणाला, आपल्याला? विली आहे. माझा विली आहे रे. सगळे आले! सगळेच्या सगळे आले! कशाला रडतोस तू आता, मी रडते ते पुरे नाही का. हेक्टर, बघितलंस का रे, सगळे आले.

— ते बघ, लोक उतरायला लागले खाली. जेसी येतेय. पुढे आहे ती, अॅप्रनमध्येच धावतेय. नकाशा गुंडाळ. लवकर, लवकर गुंडाळ. आणि कोट लाव, कोट! तिनं वीण बघितली तर — ह्या विणीतल्या अनोळखी माणसाला ती सोडायची नाही, बापाचं नाव विचारेल, आजोबाचं विचारेल. आज सगळे आलेत ना? असेच येत राहू देत. सोमवारी परत जायचंय त्यांना. दर सोमवारी जायचंय. नको, हात नको धरू माझा, बघतील. — जेसी! आली गं आली! दोन्ही आहेत तुझी, मी मोजली, धाकट्यानं टोपीसुद्धा हरवली नाही! ये, बस, धाप लागलीय तुला. — हे? हे कोणी नाही गं. रस्ता चुकलेले पाहुणे आहेत. बसचं विचारत होते. — नाव? मी विचारलंच नाही.

साहेब, बस वरच्या रस्त्याला लागते, चर्चच्या पुढे. निघा तुम्ही, चुकेल. आणि बटणं लावा नीट, गळ्यापर्यंत. वर फार गार असतं.