फाट्यावरच्या शाळेची अकरा मिनिटांची घंटा

आजच्या या निरोप समारंभाचे आणि आपल्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष माननीय किशनराव साहेब, व्यासपीठावर विराजमान सर्व पदाधिकारी, मेडशीच्या पुढे फाट्यावर असलेल्या आपल्या शाळेचे मुख्याध्यापक प्रेमसिंग सर, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या संगणक विभागाचे प्रमुख युनूसभाई, पहिल्या रांगेतल्या हुस्नाबानो भाभी, आणि पंख्याखालची खुर्ची काही केल्या न सोडणारे माझे सहकारी बंधू-भगिनींनो,

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि हळूच सांगितलं आहे, "रुचिका मॅडम, गोड बोला." गोडच बोलणार आहे. पण युनूसभाईंबद्दल बोलायचं आणि घंटेचा विषय काढायचा नाही, हे कसं जमायचं?

युनूसभाई आपल्याकडे लागले ते शिपाई म्हणून, शेलूबाजारच्या शाळेत. लोखंडी पट्टीवर हातोडी मारून घंटा द्यायची, हे त्यांचं काम. चाळिशीत त्यांनी संगणक शिकून घेतला. आज आपल्या नऊ शाळांचे नऊ सर्व्हर वाशिमच्या कार्यालयातून चालतात, ते त्यांनी उभे केले म्हणून. (टाळ्या थोड्या राखून ठेवा, पुढे लागतील.)

चार वर्षांपूर्वी असं ठरलं, की घंटाही सर्व्हरनंच द्यायची. सहा महिन्यांच्या परिविक्षेवर आलेल्या एका नव्या कर्मचाऱ्यानं त्यासाठी एक शेल स्क्रिप्ट लिहिली. शेल स्क्रिप्ट म्हणजे काय? संगणकाला लिहून दिलेली कामांची चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, की शाळेच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये शेवटी ओळ घाल: साडेदहाला घंटा. अशी प्रत्येक तासाची एक ओळ. कार्यालयातल्या संगणकावर हातानं एकदा चालवून पाहिली, एकच घंटा वाजली. विभागात पेढे वाटले गेले, त्यातले दोन मीच खाल्ले.

नऊ सर्व्हरांवर लक्ष ठेवायला आपल्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. त्याच्याकडे चिठ्ठी दिली की ते ती शाळेत पोचवतं. स्वभावानं मात्र ते फार काळजीवाहू. दिलेलं काम कुणी विसरू नये म्हणून दर अर्ध्या तासानं तेच काम पुन्हा करून घेतं. युनूसभाई म्हणाले, "आधी एकाच शाळेवर टाका." शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता फाट्याच्या शाळेवर टाकली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, यशस्वी. शनिवारी, रविवारी शाळा बंद, तरी दर अर्ध्या तासाला यशस्वी. किती समाधान वाटलं म्हणून सांगू!

सोमवारी अकराला त्या घंटेचं उद्घाटन ठरलं होतं, त्यासाठी अध्यक्ष साहेब वेळेत निघाले. साडेदहाला प्रार्थना संपली आणि घंटा सुरू झाली. एक वाजली, दोन वाजल्या, दहा वाजल्या, पन्नास वाजल्या. आता आपल्या भागात लांब घंटेचा अर्थ काय होतो, हे पहिलीच्या पोरालाही विचारावं लागत नाही. दप्तरं उचलली गेली. घंटा अकरा मिनिटं वाजत होती आणि ती थांबेपर्यंत शाळेत फक्त नारळ आणि फीत उरली होती.

साहेब, आपली गाडी फाट्यावर आली तेव्हा समोरून पळत येणाऱ्या पोरांना आपण विचारलंत, "कुठं चालले रे?" ती म्हणाली, "शाळा सुटली जी!" प्रेमसिंग सर आपल्याला भेटले ते एसटीच्या थांब्यावर. आपण आवाज चढवलात, तर सर म्हणाले, "साहेब, अकरा मिनिटं घंटा झाली. मले वाटलं, सुट्टी वरूनच आली." सर, हसू नका, तुमचंही भाषण व्हायचं आहे.

मंगळवारी मी युनूसभाईंच्या मोटरसायकलवर मागे बसून फाट्यावर गेले. मी लॅपटॉप उघडला आणि स्क्रिप्टची एकेक ओळ तपासत बसले. ओळ न् ओळ बरोबर. "भाई, मी चालवली तर एकच वाजते!" मी रडकुंडीला आले होते. युनूसभाईंनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी प्रेमसिंग सरांना फाटक लावायला सांगितलं, खडू घेतला आणि साडेदहाची घंटा सुरू झाल्यावर भिंतीवर रेघा ओढायला लागले. सर तोंडानं मोजत होते, पण नव्वदला एका पोरावर ओरडले आणि तिथंच त्यांचा आकडा चुकला. रेघा भरल्या एकशे एकोणऐंशी. साडेअकराला पुन्हा मोजल्या, तर एकशे एक्याऐंशी.

"तासात दोन वाढल्या," युनूसभाई म्हणाले. "म्हंजे अर्ध्या तासाले एक. आता सांग पोरी, अर्ध्या तासाले आपल्याकडं कोन येऊन राह्यलं?"

सॉफ्टवेअर दर वेळी यायचं, माझी चिठ्ठी वाचायचं आणि आणखी एक ओळ घालून जायचं. युनूसभाई म्हणाले, "घरात येनारा-जानारा परत्येक मानूस भाजीत मीठ टाकून राह्यला. चाखून कोनी पाह्यत नाही." मग फाइलमधल्या जादा ओळी पुसल्या आणि चिठ्ठीत एकच ओळ वाढवली: आधी बघ, घंटा लिहिलेली आहे का, नसेल तरच लिही. काम संपलं.

हो, मी "माझी चिठ्ठी" म्हणाले. आता म्हणूनच गेले आहे, तर पुढचंही सांगते. युनूसभाई, हात हलवू नका. भाभी, त्यांना धरून ठेवा.

त्या आठवड्यात ज्ञापन आलं, घंटेचं काम कोणी केलं? मी खुलासा लिहायला बसले, तर युनूसभाईंनी कागद ओढून घेतला. "तुले अजून कायम व्हायचं हाये. माया तीस वर्साच्या पुस्तकात एक शेरा लागला तं काय फरक पडते?" त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं, "स्क्रिप्ट माझी." त्यांच्या सेवापुस्तकात शेरा आला: कामात हलगर्जी. मी कायम झाले. मी गप्प बसले, कारण मी भ्यायले होते. पुढे भीती गेली, तरी गप्पच बसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

फरक पडला, भाई. दर वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या सत्काराच्या यादीत तुमचं नाव यायचं आणि शेरा पाहून खोडलं जायचं. चारही वर्षं टाळ्या वाजवायला मी समोरच होते.

अध्यक्ष महोदय, लेखी खुलासा मी आपल्या पेल्याशेजारी ठेवला आहे. त्यावर सही माझी आहे. कार्यालय सुटेपर्यंत युनूसभाई आपले कर्मचारी आहेत, उद्या त्यांचं पुस्तक बंद होईल. तो शेरा आजच खोडावा आणि माझ्या पुस्तकात लिहावा, एवढीच विनंती.

माझी पाच मिनिटं केव्हाच संपली, तरी कुणी मला थांबवलं नाही, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल, तर क्षमा करा आणि निदान या वेळी तरी माझी चूक माझ्याच नावावर लिहा.