दोन मजले जास्तीचे

गुरुग्रामच्या टॉवरांचं कौतुक मला नका सांगू. नव्वदच्या दशकात तिथे मोहरीची शेतं होती, तेव्हा मी एका कन्सल्टंटकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो. इमारत भूकंपात कशी डुलेल, ते कळायला भल्यामोठ्या मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या चौकटीच्या, आयगेनव्हॅल्यू काढायच्या; डुलण्याचा वेग सांगणारे आकडे ते. कॉम्प्युटर एक अंदाज धरतो, तो सुधारत सुधारत उत्तरापर्यंत येतो. आमच्या डब्याला त्यात अख्खा दिवस जायचा. मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

बारा मजल्यांचं उत्तर हातात आलं आणि बिल्डर सेठींचा फोन.

"जोशीजी, दो फ्लोअर और बिक गए. जोड दो ना, यार."

"सेठीजी, ऐसे जुडता नहीं. पूरा मॅट्रिक्स बदल जाता है."

"हाँ तो बदल दो."

बदललं. चौदाचं उत्तर आलं, तर यांचे सोळा झाले. सोळाचं आलं, तेव्हा मात्र मी वैतागून शहाणपणा केला. कुणी विचारायच्या आधीच, खालचे कॉलम जाड करून, अठराचं चालवून ठेवलं. म्हटलं, आता येऊ दे फोन.

आलाच. "जोशीजी, वो दो फ्लोअर..."

"हो चुका है, सेठीजी! अठरा तक बिल्कुल सेफ."

पलीकडे सेठी त्यांच्या ऑफिसातल्या कुणाला तरी म्हणाले, "सुनो, अठरा तो पक्का है. बीस का ब्रोशर छपवा दो."