चार्ज कोणाकडे देऊ?

...आणि वर मलाच विचारतात, "चार्ज कोणाकडे देऊ, सांग." आता मी काय सांगणार? मी घरात असते, कोणत्या खुर्चीत कोण बसतं मला काय ठाऊक? पण तुम्हाला सांगते, गेलं वर्षभर आमच्या घरात हे एकच वाक्य फिरतंय. आमचे हे सरकारी कचेरीत, पेन्शनच्या टेबलावर. म्हणजे मूळचे त्या टेबलावर. मग शेजारच्याची बदली झाली, त्याचं टेबल यांच्याकडे, पलीकडच्या बाई खासगीत गेल्या, त्यांचंही यांच्याकडे, जो तो जाताना यांच्या हातात कपाटाची किल्ली ठेवतो आणि म्हणतो, "तुम्ही आहात म्हणून जातोय हो." आणि हे घेतात. जुडगा असा झालाय की खिसा दोनदा शिवला मी.

तब्येतीचं तर विचारूच नका. जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने सह्या करतात. थोरली लेक आधी हसायची, आता नुसती त्या बोटाकडे बघत बसते. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब असाच राहिला तर एक दिवस तिथेच कोसळाल, जरा आडवे होत जा. हे म्हणतात, "कोणत्या टेबलावर?"

मग मी नवस बोलले. हे नोकरीतून सुटेपर्यंत माझ्या चहात साखर नाही. आता गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली... हीच नोकरी कायम व्हावी म्हणून लग्नानंतर मीच नवस केला होता, रोज संध्याकाळी दिवा लावीन म्हणून. नोकरी कायम झाली, दिवा अजून लावते, आणि त्याच दिव्यापुढे हात जोडून म्हणते, सोडव रे बाबा यांना. देवाने तरी या बाईचं कोणतं ऐकायचं?

माझा धाकटा भाऊ आला, त्याच्या कारखान्यात जागा काढून. "भावजी, एक टेबल, एक खुर्ची, दिवेलागणीला घरी. सोडा हो." हे खिशातला जुडगा चाचपत बसले. मग म्हणाले, "अरे, काठी टेकत एक म्हातारे रखवालदार येतात. त्यांची पेन्शन अडकलेली, फाइल आत्ता कुठे हललीय. मी उठलो की ती परत तळाला. चार्ज कोणाकडे देऊ?" भाऊ माझ्याकडे बघतोय, मी दिव्याकडे.

तर एकदाची रखवालदारांची पेन्शन सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी यांनी खरोखर राजीनामा दिला. मला वाटलं, ऐकलं देवाने. साखरेचा डबा पुसून खाली काढला. मग वाट बघतोय, बघतोय, कुठून काही उत्तरच नाही. म्हटलं, "अहो, अडलंय कुठे?" तर मान खाली घालून, "राजीनामे तपासून वर पाठवणारा कारकून होता ना... तो सोडून गेला."

"मग त्याचं टेबल?"

 जुडग्यात एक नवी किल्ली दिसली मला.

म्हणजे यांचा राजीनामा यांच्याच टेबलावर. म्हटलं, मग झालं की, तपासा, पाठवा वर आणि या घरी, असा योग कुणाच्या नशिबी असतो? दुसऱ्या दिवशी आले, बूट काढता काढता म्हणाले, "परत पाठवला."

"कोणाचा?"

"माझा. चार्ज घेणाऱ्याची सही नव्हती त्यावर. नियमात बसत नाही."

"अहो, पण तपासणारे तुम्हीच ना?"

"दुसऱ्या कोणाचा असता तर पाठवलाच असता ना परत? मग माझा कसा पुढे ढकलू?"

 रागवावं तरी कसं, असल्या माणसावर? दिव्याची वेळ झालेली, दिवा लावला. हे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "नवा माणूस देणार आहेत म्हणे." देतीलही. मी काही आस सोडणारी नव्हे. डबा तेवढा पुन्हा वरच्या फळीवर ठेवलाय, मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण घट्ट लावून.

काल तर काय झालं, माझ्याबरोबर यांच्याही कपात साखर घालायची राहिली. मी घाईने चमचा घेऊन गेले, तोवर यांनी चहा संपवला होता. कळलंसुद्धा नव्हतं त्यांना. बोट कपाच्या कडेवर सही करत होतं.